वर्गप्रतिनिधी झालेल्या नव्या सहकाऱ्यास

तू वर्गप्रतिनिधी झालास याचा मला मनापासून आनंद आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मधील विद्यार्थी परिषदेची तरतूद आधी नीट वाचून काढ, कारण स्वतःचा अधिकार ठाऊक नसलेल्या प्रतिनिधीला कार्यालयातून सहज परत पाठवले जाते.

माझे पहिले वर्ष महोत्सवाच्या धावपळीतच सरले. पुढल्या जुलैत महाविद्यालयातल्या रेल्वे सवलतीच्या खिडकीपुढे टिटवाळ्याहून येणारी एक मुलगी भिजलेला अर्ज हातात धरून उभी दिसली. खिडकी उघडी असे नेमकी त्याच वेळी तिची प्रात्यक्षिके असत, म्हणून तीन आठवडे ती रोज पूर्ण भाड्याचे तिकीट काढत होती. आम्ही विचारले नव्हते, म्हणून हे आम्हांला कळलेही नव्हते, आणि याची खंत मला आजही आहे.

तेव्हा कट्ट्यावर बसणाऱ्यांशी तर बोलच, पण व्याख्यान संपताच लोकल पकडायला धावणाऱ्यांना वर्गाच्या दारातच गाठ. तक्रार तोंडी नेऊ नकोस. अर्ज दोन प्रतींत लिही, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घे, आणि मिळालेले उत्तर, मग तो नकार का असेना, वर्गात उभे राहून सांग.