लिहिण्यात अडचण असलेल्या मुलांचा हात रोबोटने धरला तर उपयोग होतो का? यंत्र कसं असावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुसरी ते चौथीतली काही मुलं वाचतात बरी, पण लिहितात फार हळू आणि वेडंवाकडं. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले विद्यार्थी हात धरून गिरवून घेणारं यंत्र बनवून द्यायला तयार आहेत. मुळात याचा उपयोग होतो का, आणि होत असेल तर त्यांना नेमकं काय सांगायचं?

उपयोग होतो, पण ठरावीक गोष्टीपुरता. कुठून सुरू करायचं, कुठे वळायचं, कुठे न थांबता पुढे जायचं, ही अक्षराची वाट हाताला कळते आणि लिखाणात ओघ येतो. ऱ्हस्वदीर्घ, शब्द आठवणं, वाक्य जुळवणं यात काहीही फरक पडत नाही. त्यामुळे मुलाला अक्षर आठवतच नाही की आठवतं पण हातातून उतरत नाही, हे आधी पाहा. यंत्र दुसऱ्या प्रकारच्या मुलांसाठी आहे. नजर, बसण्याची उंची आणि पेन्सिलची पकड व्यवसायोपचार तज्ज्ञांकडून (ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून) तपासून घ्या. हातात ताठरपणा असलेल्या मुलाला त्यांच्या संमतीशिवाय यंत्राला जोडू नका.

फ्रान्समध्ये ‘तेलेमाक’ नावाच्या, हात धरून गिरवून घेणाऱ्या यंत्रावरचा प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. बालवाडीतल्या मुलांचा लिहिण्याचा वेग वाढला आणि मधेमधे अडखळणं कमी झालं. पण ती मुलं डिस्ग्राफियाचं (लिहिण्यातल्या अडचणीचं) निदान झालेली नव्हती, म्हणून तो निकाल जसाच्या तसा आपल्या मुलांना लावू नये. २००८ च्या एका अभ्यासात प्रौढांना अनोळखी लिपीतली अक्षरं गिरवायला दिली होती. हाताला ठरल्या जागी खिळवून नेणाऱ्या मार्गदर्शनाचा फायदा दिसला नाही. हाताला नुसता हलका जोर लावून दिलेल्या मार्गदर्शनाने ओघ वाढला. अक्षराच्या आकारात मात्र दोन्हीकडे लक्षणीय सुधारणा नव्हती.

म्हणूनच विद्यार्थ्यांना पहिली गोष्ट ही सांगा: यंत्राने हात ओढायचा नाही. बैलगाडीची चाकोरी चाकाला बाजूला जाऊ देत नाही, पण गाडी पुढे नेत नाही. बल तसं हवं. फक्त वाटेच्या आडव्या दिशेने, वाटेवरून पुढे जाण्याच्या दिशेने शून्य. घड्याळाला बांधलेलं यंत्र, म्हणजे ‘दुसऱ्या सेकंदाला पेन्सिल इथे असायलाच हवी’ असं ठरवून चालणारं, मुलाचा हात निर्जीव करून टाकतं. मूल हात सैल सोडतं, कागदावर सुरेख अक्षर उमटतं, सगळे खूश होतात आणि शिकणं काहीच होत नाही.

आकडे द्यायचे तर सुरुवात अशी करा. अक्षराची उंची ४० मिमी. वाटेच्या दोन्ही बाजूंना २ मिमीपर्यंत कोणतंही बल नाही. त्यापलीकडे दर मिलिमीटरला ०.२ न्यूटन (१ न्यूटन म्हणजे साधारण १०० ग्रॅम वजनाचा भार), आणि कमाल १.५ न्यूटन, त्याच्यावर कधीच नाही. बलरहित पट्टी अक्षराच्या उंचीच्या विसाव्या भागाएवढी ठेवली की अक्षर लहान करताना हिशेब सोपा जातो. १० मिमीच्या अक्षराला ती अर्धा मिलिमीटर होते. बलाचा हिशेब सेकंदाला १००० वेळा व्हायला हवा, नाहीतर कडेला हात लागताच पेन्सिल थरथरते.

तयार यंत्र हवं असेल तर ‘टच’ नावाचं टेबलावरचं हॅप्टिक, म्हणजे हाताला बल जाणवून देणारं, यंत्र मिळतं. ते कमाल ३.३ न्यूटन बल देतं, पण सतत द्यायचं झालं तर सुमारे ०.८८ न्यूटनच. मूल सारखं कडेवर रेलून लिहू लागलं तर मोटारी तापतात. दुसरी मर्यादा जागेची: साधारण १६० मिमी रुंद, १२० मिमी उंच आणि फक्त ७० मिमी खोल. कागद आडवा ठेवला की अक्षराची उंची त्या ७० मिमीतच बसवावी लागते. दोन-चार मोठी अक्षरं होतात, वहीचं पान नाही. किंमतही शाळेला जड जाईल अशी असते.

घरी बनवताना सगळ्यात जास्त चुकतं ते मोटारीत. खेळण्यातल्या रोबोटची सर्वो मोटार स्वस्त असते, पण आतल्या गिअरमुळे मुलाचा हात ती उलटी फिरवू शकत नाही; यंत्र भिंतीसारखं अडतं. पायरीपायरीने फिरणाऱ्या स्टेपर मोटारीत खटके जाणवतात. ड्रोनच्या कॅमेऱ्याला वापरतात त्या प्रकारची ब्रशलेस मोटार घ्या आणि पाच दांड्यांची समांतर रचना करा: दोन्ही मोटारी बैठकीवर घट्ट, हलणारा भाग फक्त हलक्या दांड्यांचा. मोटारीपासून २०० मिमी अंतरावर १.५ न्यूटन हवं असेल तर ०.३ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागतो. तेवढी मोठी मोटार परवडत नसेल तर स्टीलची बारीक तार कप्पीला गुंडाळून पाचास एक असं प्रमाण साधा, मग ०.०६ पुरतो. दातेरी पट्टा नको, त्याची ढिलाई आणि खरखर हातात येते. कोन मोजायला १४ बिटचा चुंबकी एन्कोडर (मोटार किती फिरली ते सांगणारा भाग) घ्या. १२० मिमीच्या दांडीवर १२ बिटच्या एन्कोडरची एक पायरी जवळजवळ ०.१८ मिमी होते, १४ बिटच्या एन्कोडरची ०.०५ मिमीच्या आत राहते. छोट्या अक्षरांना हा फरक लागतो.

खरी पेन्सिल आणि खरा कागदच वापरा. काचेवर टोक घसरतं आणि तिथे कमावलेला ताबा वहीवर टिकत नाही. पेन्सिल एका कड्यातून जाऊ द्या, कडं सर्व बाजूंना कलतं हवं. इथे एक बारीक दोष हमखास राहून जातो. कडं कागदापासून ३० मिमी उंचीवर असेल आणि मुलाने पेन्सिल १० अंशांनी कलती केली, तर टोक ५ मिमी सरकतं. यंत्राला वाटतं मूल वाटेवर आहे, कागदावर मात्र अक्षर फाटलेलं. कडं १० ते १२ मिमीपर्यंत खाली आणा, म्हणजे चूक २ मिमीच्या आसपास येते. त्याहून चांगलं म्हणजे कागदाखाली लिखाण नोंदवणारा टॅब्लेट ठेवायचा, त्याच्याच कांडीत शाईची नळी बसवून तीच पेन म्हणून वापरायची आणि टोकाची जागा टॅब्लेटकडून दुरुस्त करून घ्यायची. अशा वेळी मोटारी टॅब्लेटपासून लांब ठेवा, चुंबकाने त्याचं वाचन बिघडतं. जास्त जोर लागला तर कडं सुटून यावं म्हणून प्लास्टिकचा खटका लावा. दांड्यांच्या सांध्यात बोट चिमटू नये असं झाकण हवं, आणि वीज तोडणारं बटण कायम मोठ्या माणसाच्या हाताशी.

आता देवनागरीबद्दल, कारण परदेशी प्रयोग पाहून बनवलेलं यंत्र इथे अडखळतं. वाट फाँटमधून काढू नका. फाँटमध्ये अक्षराची बाह्यरेषा असते, हात कोणत्या क्रमाने फिरतो ते नसतं. तुम्ही स्वतः टॅब्लेटवर लिहा आणि तीच नोंद वापरा. त्यामुळे ल पाकळीचा आणि श देठाचा, आपल्या मुलांच्या पुस्तकात असतो तसाच येईल. हिंदी वळणाचा ल शिकवून गोंधळ वाढवायला नको. डावखुऱ्या मुलांसाठी डावखुऱ्या माणसाची नोंद घ्या.

क किंवा ळ लिहिताना रेषा स्वतःलाच ओलांडते किंवा भिडते. ‘वाटेवरचा सगळ्यात जवळचा बिंदू’ शोधणारा प्रोग्राम त्या ठिकाणी चुकीच्या फांदीवर उडी मारतो आणि मुलाच्या हाताला हिसका बसतो. उपाय सोपा आहे: वाटेवर कुठवर आलो हे लक्षात ठेवायचं आणि तिथून पुढच्या ५ ते १० मिमीतच शोधायचं. पेन्सिल उचलली की बल बंद, पुढच्या रेषेच्या सुरुवातीला टेकली की हळूहळू चालू. शिरोरेषा प्रत्येक अक्षराला नको, शब्द संपल्यावर एकदाच.

सराव आठवड्यातून तीनदा, १५ ते २० मिनिटं, सहा ते आठ आठवडे असा ठेवा असं मी सुचवेन. एका वेळी एकच कुटुंब घ्या, उदाहरणार्थ व, ब, क, कारण गोल तोच आहे. दर तिसरं अक्षर बलाशिवाय. बल पहिल्या आठवड्यात पूर्ण, मग ७० टक्के, ४० टक्के आणि शेवटी शून्य. मुलाचं चुकतंय म्हणून पुन्हा वाढवायचा मोह होतो, तो आवरा. हाताला आधाराची सवय लागली की आधार काढताच अक्षर कोसळतं.

ज्या मुलाने अक्षरावरून खूप बोलणी खाल्ली आहेत, त्याच्यासाठी वेगळी वाट आहे. स्वित्झर्लंडच्या लोझान इथल्या ईपीएफएल या तंत्रविद्यापीठात ‘कोरायटर’ प्रकल्पात नाओ हा छोटा रोबोट वाईट लिहितो आणि मूल त्याला शिकवतं. इथे हात धरणं नाहीच, पण मूल पहिल्यांदा ‘गुरुजी’ होतं. हे तुम्ही उद्याच रोबोटशिवाय करू शकता: तुम्ही मुद्दाम चुकीचा क काढा आणि कुठे बिघडला ते त्याला दाखवू द्या. माझ्या मते अशा मुलासाठी याची किंमत मोटारीपेक्षा जास्त आहे.

प्रगती मोजताना यंत्रावरचं अक्षर अजिबात धरू नका. दर पंधरा दिवसांनी साध्या वहीत, त्याच चार ओळी, पाच मिनिटं. किती अक्षरं झाली, किती वाचता आली, हात दुखला का, एवढं लिहा. टॅब्लेट असेल तर वेगाचा आलेख काढा: नोंदीवर १० हर्ट्झचं फिल्टर (बारीक थरथर गाळणारं) लावून एका रेषेत वेग किती वेळा वरखाली झाला ते मोजा. ओघात काढलेल्या रेषेत एक-दोन चढ असतात, अक्षर ‘चितारणाऱ्या’ मुलाच्या रेषेत कितीतरी जास्त. ही संख्या कमी होत नसेल तर यंत्र त्या मुलासाठी नाही.

विद्यार्थ्यांना आधी फक्त हा नोंदवणारा भाग बनवायला सांगा, मोटारी नंतर. आणि यंत्राची वाट पाहत मुलाचं अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र लांबवू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता समाविष्ट आहे. जादा वेळ किंवा लेखनिक मिळायचा असेल तर त्यासाठीचा अर्ज आताच सुरू करा.