स्वतःची बाटली, परक्याचे जहाज

क्रूझवर स्वतःची वाइन नेण्याविषयी गेल्या काही आठवड्यांत वाचकांची बरीच पत्रे आली. मी काही वर्षे एका प्रवासी जहाजाच्या डायनिंग रूममध्ये वाइन देण्याचे काम केले आहे आणि पाहुण्यांनी मोठ्या हौसेने आणलेल्या शेकडो बाटल्या या हातांनी उघडल्या आहेत. त्यामुळे नियमांबरोबर थोडा अनुभवही सांगता येईल.

प्रश्न : जानेवारीत आम्ही सहा प्रौढ व्यक्ती नाशिकहून सिंगापूरला जाऊन तेथून चार रात्रींची क्रूझ घेणार आहोत. आई-बाबांच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस जहाजावरच येतो. त्या रात्री आपल्या नाशिकची वाइन उघडावी, अशी इच्छा आहे. किती बाटल्या नेता येतील आणि कशा?

जहाज रॉयल कॅरिबियनचे असेल, तर मद्यपानाच्या वयाच्या प्रत्येक पाहुण्याला वाइन किंवा शँपेनची ७५० मिलिलिटरची एक सीलबंद बाटली नेता येते, म्हणजे तुम्हा सहा जणांच्या सहा बाटल्या झाल्या. ही मुभा फक्त जहाजावर चढण्याच्या दिवसापुरती असते. मधल्या बंदरात उतरून आणलेल्या बाटलीला ती मिळत नाही. व्हिस्की, रम किंवा बिअर या मुभेत येत नाही. कंपनी दुसरी असेल, तर तिकीट काढण्यापूर्वीच तिचा नियम वाचा, कारण एमएससी आणि कोस्टा या कंपन्या बाहेरचे मद्य मुळीच चालवून घेत नाहीत.

तुमच्या प्रवासात खरी मेख बाटलीच्या जागेची आहे. विमानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतला द्रवपदार्थ हँडबॅगेतून नेता येत नाही, म्हणून मुंबईहून निघताना वाइन चेक-इन केलेल्या बॅगेत असली पाहिजे. जहाजावर चढताना नेमके उलटे करायचे असते. टर्मिनलच्या दारात हमालाच्या हवाली केलेली मोठी बॅग थेट केबिनकडे जाते, पण वाइन मात्र स्वतःच्या हातातून नेऊन तपासणीच्या यंत्रावर ठेवावी लागते. मोठ्या बॅगेत बाटली सापडली, तर ती बॅग बाजूला काढली जाते आणि पहिल्या रात्री तुम्ही विमानातल्याच कपड्यांवर जेवायला बसता. तेव्हा आदल्या रात्री सिंगापूरच्या हॉटेलात बॅगा उघडा, सहाही बाटल्या काढा आणि ज्याची बाटली त्याच्या हातातल्या पिशवीत घाला. एकाच्याच पिशवीत सहा बाटल्या दिसल्या, तर तपासणीवाला प्रश्न विचारणारच.

सिंगापूरच्या कस्टम्समध्ये अठरा वर्षांवरील प्रवाशाला दोन लिटरपर्यंत वाइन शुल्काशिवाय नेता येते, मात्र तो किमान ४८ तास सिंगापूरबाहेर असला पाहिजे आणि मलेशियातून येत नसला पाहिजे. नाशिकहून मुंबईमार्गे थेट जाणाऱ्याला याची अडचण नाही. आपल्याकडच्या बऱ्याच सहली मात्र आधी क्वालालंपूर आणि मग सिंगापूर अशा आखलेल्या असतात, आणि तसे झाले तर ही सवलत बुडते. मग बाटल्या जाहीर करून शुल्क भरावे लागते. परतीलाही हे ध्यानात ठेवा. क्रूझचे शेवटचे बंदर पेनांग किंवा पोर्ट क्लांग असेल, तर जहाज सिंगापूरला लागताना तुम्ही मलेशियातूनच आलेले असता.

बांधाबांधीविषयी थोडे. वाइनची भरलेली बाटली साधारण सव्वा ते दीड किलोची असते आणि स्पार्कलिंग म्हणजे फसफसणाऱ्या वाइनची त्याहून जड, कारण आतल्या वायूचा दाब मोटारीच्या टायरच्या दुपटीहून अधिक असतो आणि तो पेलण्यासाठी काच जाड लागते. बाटली आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा, त्यावर जाड मोजा चढवा, मग टॉवेलात गुंडाळा आणि बॅगेच्या मधोमध, चारही बाजूंनी कपडे येतील अशी ठेवा. बॅगेच्या कडेला ठेवलेली बाटली फुटते, मधली सहसा फुटत नाही. वाइनमध्ये मद्यार्क २४ टक्क्यांहून कमी असल्यामुळे ती विमानाच्या धोकादायक वस्तूंच्या नियमांत अडकत नाही. अडचण आली तर ती वजनाची येते.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि फ्लोरिडाहून क्रूझ घेणार आहोत. कॉर्केज म्हणजे नेमके काय, ते केव्हा लागते आणि ते देऊनही स्वतःची वाइन परवडते का?

तुमची बाटली जहाजाच्या वेटरने उघडून, जहाजाच्या ग्लासांत ओतून देण्याचे जे शुल्क, ते कॉर्केज. ते बाटलीमागे असते, ग्लासामागे नसते. प्रत्येक कंपनीची रीत निराळी आहे. कार्निव्हलवर २१ वर्षांवरील प्रत्येकाला चढण्याच्या दिवशी एक बाटली नेता येते. ती केबिनमध्ये प्यायलात तर काही द्यावे लागत नाही, डायनिंग रूममध्ये नेलीत तर १५ डॉलर पडतात. नॉर्वेजियनवर बाटल्यांच्या संख्येला मर्यादा नाही, पण ७५० मिलिलिटरच्या प्रत्येक बाटलीमागे १५ डॉलर घेतले जातात, मग ती तुम्ही केबिनमध्ये उघडा की जेवणाच्या टेबलावर. प्रिन्सेसवर प्रौढ व्यक्तीमागे पहिली बाटली केबिनमध्ये फुकट, त्यापुढच्या प्रत्येक बाटलीवर शुल्क. सर्वांत सढळ हात डिस्नेचा आहे. तेथे प्रौढ पाहुण्याला दोन बाटल्या वाइन किंवा सहा बिअर आणता येतात, आणि त्याही केवळ पहिल्या दिवशी नव्हे, तर प्रत्येक बंदरातून परतताना.

आता परवडण्याचा हिशेब. एका बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच ग्लास होतात, म्हणजे १५ डॉलर कॉर्केज ग्लासामागे तीन डॉलर पडते. दुकानातून बारा डॉलरची साधी वाइन नेलीत, तर सारा खर्च सत्तावीस डॉलरवर जातो आणि बचत होते. पण जी वाइन घरी मंगळवारी रात्री पिता तीच समुद्रात नेऊन तिच्यावर तिच्या किमतीहून मोठे शुल्क भरण्यात मला तरी गंमत वाटत नाही. चाळीस-पन्नास डॉलरची बाटली असेल, तर गोष्ट वेगळी. तशीच बाटली जहाजाच्या यादीत दुप्पट-तिप्पट किमतीला असते आणि वर १८ ते २० टक्के सेवाशुल्क लागते, तेव्हा पंधरा डॉलर स्वस्त वाटू लागतात. थोडक्या पण चांगल्या बाटल्या न्या.

डायनिंग रूममध्ये बाटली संपली नाही, तर टाकून देऊ नका. वेटर तिला बूच लावून, गळ्यात केबिन क्रमांकाची चिठ्ठी अडकवून ठेवून देतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री तीच बाटली तुमच्या टेबलावर येते. आमच्या कपाटात अशा चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्यांची रांगच असे आणि कोणत्या टेबलावरचे आजोबा आपली बाटली पाच रात्री पुरवणार आहेत, हे आम्हांला तिसऱ्या रात्रीच कळलेले असे.

प्रश्न : मित्र सांगतात की माउथवॉशच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून व्हिस्की सहज नेता येते. हे खरे आहे का?

काहींना जमते आणि तेच लोक नंतर सांगत सुटतात; ज्यांची बाटली ओतून टाकली जाते ते गप्प बसतात. ही युक्ती इतकी जुनी आहे, की तिच्यामुळेच कार्निव्हलने २०१५ साली पाहुण्यांना बाटलीबंद पाणी आणण्यासही मनाई केली. आता तेथे मद्यविरहित पेयांचे फक्त कॅन किंवा कागदी खोकी, तीही माणशी बारा, नेता येतात. लपवलेले मद्य सापडले तर ते परत मिळत नाही. उघडपणे आणलेली जास्तीची बाटली निदान सांभाळून ठेवली जाण्याची शक्यता असते. शिवाय तुम्हांला खालच्या डेकवरील सुरक्षा-खोलीत बोलावले जाते, तेथे ओळीने मांडलेल्या बॅगांमधून आपली ओळखायची आणि सर्वांदेखत उघडायची. सासूबाई बरोबर असताना हा प्रसंग ओढवून घेऊ नये.

प्रश्न : मुंबईहून निघणाऱ्या गोवा-लक्षद्वीप क्रूझवर आपली वाइन नेता येते का? आणि गोव्यात घेतलेल्या बाटल्या परत आणता येतील का?

मुंबईहून नियमित जाणारे जहाज म्हणजे कॉर्डेलिया या कंपनीचे ‘एम्प्रेस’. १९९० साली बांधलेले हे जहाज पूर्वी रॉयल कॅरिबियनच्याच ताफ्यात होते, पण त्या कंपनीचा एक बाटलीचा नियम त्याबरोबर आलेला नाही. कॉर्डेलियावर बाहेरचे मद्य नेता येत नाही, तेव्हा बाटली घरी ठेवूनच टर्मिनलवर जा.

दुसरा भाग अधिक गंभीर आहे. गोव्यातील मद्य परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणे हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे. तुम्ही रस्त्याने आलात, रेल्वेने आलात की जहाजाने, याने त्यात फरक पडत नाही. “दोन बाटल्यांना कोण विचारतो?” असे म्हणणारे बरेच भेटतात, सावंतवाडी-बांद्याच्या बाजूने गाडीने येणाऱ्यांना ते कोण विचारतो हे चांगले ठाऊक आहे. लक्षद्वीपमध्ये तर बंगारम बेटाचा अपवाद वगळता दारूबंदीच आहे, म्हणून किनाऱ्यावर उतरताना पिशवीत मद्य अजिबात नसावे.

प्रश्न : बार्सिलोनाहून भूमध्य समुद्रातील क्रूझ घेताना फ्लॉरेन्समध्ये क्यान्ती ही तिकडची रेड वाइन घेण्याचा विचार आहे. ती जहाजावर पिता येईल का? पुण्याला आणता येईल का?

फ्लॉरेन्सच्या दिवशी तुमचे जहाज बहुधा लिव्होर्नो बंदरात उभे असेल. संध्याकाळी परतताना गँगवेवर म्हणजे जहाजात चढण्याच्या वाटेवर पिशव्या यंत्रातून जातात, तेथे डिस्नेसारखे अपवाद सोडले, तर बाटली काढून घेतली जाते, हातात पावती दिली जाते आणि बाटली जहाजाच्या कोठारात जाते. ती प्रवासाच्या अखेरीस परत मिळते. तिला जप्ती समजून वेटरवर रागावणारे पाहुणे मी पाहिले आहेत. तो बिचारा त्यात काहीच करू शकत नाही. पावती मात्र पासपोर्टाशेजारी ठेवा.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर काढून ठेवण्याची पद्धत असते, आणि परत मिळालेल्या बाटल्या कपड्यांत गुंडाळून त्यांतच जाणे चांगले, नाहीतर दुसऱ्या दिवशी विमानतळावर १०० मिलिलिटरच्या नियमापुढे तुम्ही क्यान्ती हातात घेऊन उभे राहाल. म्हणून बाटल्या नेमक्या केव्हा मिळणार, हे रिसेप्शनवर आधीच विचारा आणि त्या येईपर्यंत एक बॅग उघडी ठेवा. भारतात प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येते. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्यांचे दीड लिटर होते, तिसरीने सव्वादोन होते. म्हणजे माणशी दोन.

आणलेली बाटली त्याच रात्री टेबलावर हवी असेल, तर समुद्र सोडून नदी धरावी. र्‍हाइनवर वायकिंगसारख्या कंपन्यांच्या लहान जहाजांवर दुपारी जर्मनीतल्या रूडेसहाइमच्या द्राक्षमळ्यावरून घेतलेली रीसलिंग ही व्हाइट वाइन रात्री विनाशुल्क उघडून मिळते. त्या जहाजांवर जेवणाबरोबर वाइन तिकिटातच धरलेली असते, त्यामुळे तुमच्या एका बाटलीने त्यांचे काही बिघडत नाही. मोठ्या समुद्री जहाजांची मिळकत बारवर बरीच अवलंबून असते आणि तेथल्या नियमांमागचे मोठे कारण तेच आहे.

प्रश्न : पत्नी मद्य घेत नाही आणि मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. त्यांच्या वाट्याच्या बाटल्या मला नेता येतील का?

पत्नीच्या वाट्याची बाटली त्यांनी स्वतःच्या हाताने नेली, तर येईल. ती कोण पिणार, हे कोणी विचारत नाही. मुलाचे वय कोठून निघता यावर ठरेल. रॉयल कॅरिबियनवर आशिया आणि युरोपातून निघताना अठरा वर्षे पुरतात, उत्तर अमेरिकेतून निघताना एकवीस लागतात.

प्रश्न : एकच बाटली नेता येणार असेल, तर कोणती न्यावी? केबिनमध्ये ती नीट राहील का?

फार जुनी, तळाशी गाळ धरलेली रेड नेऊ नका. विमान, टॅक्सी आणि जहाज यांत ती इतकी ढवळली जाते, की दोन दिवस उभी ठेवल्याशिवाय पिण्याजोगी होत नाही. तरुण, फळांचा स्वाद असलेली वाइन प्रवास चांगला सोसते. जहाजावर भारतीय जेवण मागवणार असाल, तर नाशिकची शेनिन ब्लाँ ही व्हाइट वाइन मला सर्वांत योग्य वाटते, कारण तिचा किंचित गोडवा तिखटाला सांभाळून घेतो. नाशिकच्या अनेक वाइनना आता आट्यांचे झाकण असते, ही आणखी एक सोय. बुचाची बाटली असेल, तर कॉर्कस्क्रू चेक-इन बॅगेत ठेवा किंवा केबिन सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे मागा. ग्लासही तोच आणून देतो.

केबिनमधल्या छोट्या फ्रिजवर भरवसा ठेवू नका. त्यातले बहुतेक नुसते गारवा धरतात, आणि स्पार्कलिंग वाइन तर सहा ते आठ अंशांवर असावी लागते. जेवणाच्या अर्धा तास आधी बर्फाची बादली मागवा, बर्फात निम्मे पाणी घाला आणि बाटली गळ्यापर्यंत बुडवा, कारण नुसत्या बर्फात बाटलीभोवती हवा राहते आणि ती नीट थंड होत नाही. उघडताना तारेची जाळी सैल करून बुचावर अंगठा ठेवा, बूच घट्ट धरून बाटली फिरवा आणि तोंड वाढदिवसाच्या मंडळींकडे नव्हे, तर बाल्कनीच्या दाराकडे असू द्या.