दहन झालेल्या देहाचे पुनरुत्थान

प्रश्न : गेल्या महिन्यात माझ्या ख्रिस्ती सहकाऱ्याच्या आईचे निधन झाले. चर्चमधील उपासनेत सर्वांनी ‘शरीराचे पुनरुत्थान व सार्वकालिक जीवन यांवर मी विश्वास ठेवतो’ असे म्हटले आणि तेथून पार्थिव थेट विद्युतदाहिनीत नेण्यात आले. शरीर पुन्हा उठणार असेल, तर ते जाळले कसे? शिवाय पाळकांनी घरच्यांचे सांत्वन करताना ‘आई आता प्रभूजवळ आहेत’ असे सांगितले. त्या आधीच तेथे पोहोचल्या असतील, तर शेवटच्या दिवशी उठवायचे कोणाला?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या दोन प्रश्नांपैकी पहिला फार जुना आहे आणि तो पहिल्यांदा कृतीतून विचारला तो ख्रिस्ती लोकांच्या शत्रूंनी. इसवी सन 177मध्ये गॉल प्रांतातील (आजच्या फ्रान्समधील) ल्यों येथे छळात मारल्या गेलेल्या ख्रिस्ती लोकांची प्रेते जाळून त्यांची राख ऱ्होन नदीत टाकण्यात आली. शरीराचा मागमूसच उरला नाही, तर पुनरुत्थानाची आशाही संपेल, असा त्यामागचा हिशेब होता. त्या मंडळीने ही हकीकत पत्रातून आशियातील मंडळ्यांना कळवली, परंतु नदीत गेलेले आपले बांधव पुनरुत्थानाला मुकले, असे कोणाला वाटल्याचे त्यात कोठेही दिसत नाही. त्याच सुमाराच्या मिनुसियस फेलिक्स या लॅटिन लेखकाचे म्हणणे असे, की अंत्यविधीच्या कोणत्याही प्रकाराने आमचे नुकसान होईल असे भय आम्हांला नाही. पुरण्याची प्रथा जुनी आणि अधिक चांगली आहे, म्हणून आम्ही ती पाळतो.

म्हणजे दफनाचा आग्रह हा यहुदी परंपरेतून आणि ख्रिस्त स्वतः कबरेत ठेवला गेला या आठवणीतून आलेला आहे. जळालेले शरीर उठवणे देवाला जमणार नाही, या समजुतीतून नव्हे. रोमन कॅथलिक चर्चने 1886मध्ये दहनावर बंदी घातली, ती प्रामुख्याने युरोपातील चर्चविरोधी मंडळी दहनाचा पुरस्कार पुनरुत्थानाच्या जाहीर नकारासारखा करू लागली होती म्हणून. 1963मध्ये ही बंदी उठली. मात्र राख पवित्र ठिकाणी जतन करावी, उधळू नये, असे व्हॅटिकनच्या 2016च्या सूचनापत्रात सांगितलेले असल्याने आपल्याकडील अस्थिविसर्जनासारखा विधी कॅथलिक कुटुंबाला करता येत नाही. प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये हा विषय बराच आधी निवळला होता. कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम टेंपल यांचे 1944मध्ये दहनच झाले. ऑर्थोडॉक्स चर्च अजूनही सर्वसाधारणपणे दफनावर ठाम आहे.

तरीही ‘शरीर उठणार’ म्हणजे काय उठणार, हा प्रश्न राहतोच. संत ऑगस्टिनने पाचव्या शतकात या प्रश्नाच्या सर्व अडचणी मोठ्या गांभीर्याने तपासल्या: आयुष्यभर कापलेली नखे आणि केस परत मिळणार का, नरभक्षकाने खाल्लेले मांस शेवटी कोणाचे, वगैरे. (मांस मूळ मालकाचे, असा त्याचा निवाडा आहे.) आज हे वाचताना हसू येते, पण माणूस उठेल तो आपल्या देहासकट आणि काहीही न हरवता, एवढी एक गोष्ट त्याला हातची जाऊ द्यायची नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. माझ्या मते येशूचा प्रेषित पौल याने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायातील दृष्टान्त या सगळ्या हिशेबापेक्षा अधिक दूरवर नेतो. तो म्हणतो, तू पेरतोस ते पुढे होणारे अंग नव्हे, नुसता दाणा असतो. दाणा आणि रोप यांचे रूप वेगळे, पण रोप त्याच दाण्याचे. शुभवर्तमानांतील पुनरुत्थित येशूही असाच आहे: बंद दारांआडच्या शिष्यांमध्ये तो येऊन उभा राहतो, पण त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण आहेत आणि तो भाजलेल्या माशाचा तुकडा मागून खातो. येशूने मेलेल्यांतून उठवलेल्या लाजाराचे जिवंत होणे याहून निराळे. तो याच आयुष्यात परतला, म्हणजे पुन्हा मरणार होता.

आता दुसरा प्रश्न, जो खरोखर अवघड आहे. तो आपल्याला बोचतो याचे एक कारण असे, की ‘वासांसि जीर्णानि’ हा श्लोक मराठी मनात इतका मुरलेला आहे, की आत्मा हेच खरे माणूस आणि शरीर हे जुने वस्त्र, असे आपण न ठरवताही धरून चालतो. योगायोगाने पौलानेही करिंथकरांस दुसऱ्या पत्रात वस्त्राचीच प्रतिमा वापरली आहे, पण तिची दिशा उलट आहे: आपल्याला वस्त्र उतरवायचे नाही, तर त्यावर आणखी एक ल्यायचे आहे, असे तो लिहितो. उघडे राहण्याची त्याला धास्ती आहे. यहुदी वळणाच्या या विचारात देहाविना आत्मा ही माणसाची सुटका नव्हे, उणीव आहे. चर्चने पुढे ग्रीक विचारातून आत्म्याच्या अमरत्वाची भाषा उचलली खरी, परंतु आपण चर्चमध्ये ऐकलेल्या त्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीत, तिचा उल्लेखही नाही.

मग मृत्यू आणि शेवटचा दिवस यांच्यामधला काळ कसला? वधस्तंभावरील चोराला येशू म्हणतो, ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील.’ उलट पौल मृतांना ‘झोपी गेलेले’ म्हणतो, आणि ‘प्रभूमध्ये झोपी गेले’ हे शब्द मराठी ख्रिस्ती कबरींवर आजही कोरलेले दिसतात. या दोन वचनांची सांगड प्रत्येक परंपरेने आपापल्या परीने घातली. पोप बारावा बेनेडिक्ट याने 1336मध्ये ठरवून दिले, की शुद्ध झालेल्या आत्म्यांना पुनरुत्थानाची वाट न पाहताच देवाचे दर्शन घडते. ज्यांची शुद्धी बाकी आहे त्यांच्यासाठी शोधनस्थान आहे, आणि 2 नोव्हेंबरला कॅथलिक लोक मृतांसाठी प्रार्थना करतात ती त्याच भावनेने. शोधनस्थान नाकारणाऱ्या प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरला झोपेची उपमा प्रिय होती. दुसरा सुधारक कॅल्विन याने मात्र आत्मा झोपतो या मताविरुद्ध तरुणपणीच एक ग्रंथ लिहिला. सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या पंथाचे लोक आजही ही झोप शब्दशः मानतात.

पाळकांचे वाक्य यांतील बहुमताच्या बाजूचे आहे. त्या मताप्रमाणे आपल्या सहकाऱ्याच्या आई प्रभूजवळ सुखात आहेत, पण अजून पूर्ण नाहीत, कारण माणसाला देहही लागतो. तेव्हा शेवटच्या दिवशी उठवायचे ते त्यांनाच, आणि केवळ एकट्या त्यांना नव्हे. थेस्सलनीका येथील मंडळीला इसवी सन 50च्या सुमारास हीच काळजी पडली होती, की प्रभूच्या येण्याआधी वारलेली आपली माणसे त्या दिवसाला मुकणार. पौलाने त्यांना उत्तर पाठवले, की मेलेले आधी उठतील आणि जिवंत राहिलेले त्यांच्याबरोबर एकत्रच प्रभूला भेटतील.