दट्ट्या मारून विस्तव पेटत नाही? आधी हवा बघ

अरे, दट्ट्या म्हणजे एका टोकाला बंद नळीत झटक्यात दाबून विस्तव पाडायचा दांडा; नुसता जोर लावून काही होत नाही, आधी हवा कुठून निसटते ते बघ. दट्ट्या नळीत दाबून सोडून दे, उसळून वर आला तर ठीक, नाहीतर दट्ट्याच्या टोकाशी दोऱ्याचे अजून दोन वेढे घाल आणि व्हॅसलीन चोळ. आग्नेय आशियात बांबूचे, शिंगाचे असे दट्टे पूर्वीपासून वापरतात, आणि डिझेल इंजिनातही तेच, हवा झटक्यात दाबली की तापते. हळू दाबलंस तर गरमी नळीतच जिरते. जळक्या सुती कापडाचा चिमूटभर तुकडाच दट्ट्याच्या टोकाच्या खळग्यात भर, ओला नको. एकच सणसणीत फटका, लगेच बाहेर ओढ, लाल ठिपका दिसला की हलकेच फुंक. नाही पेटलं तर पुन्हा मारायच्या आधी नळीत ताजी हवा जाऊ दे, हे बरेच जण विसरतात रे.