छोट्या बेटांच्या देशांना आंतरराष्ट्रीय व्यापाराचा फायदा होतो की लोकांची तब्येत बिघडते?

दोन्ही होतं. व्यापारच नको असं म्हणून चालत नाही, कारण पेट्रोलपासून इन्सुलिनपर्यंत सगळं तिथे बाहेरूनच येतं. पण काय येऊ द्यायचं हे ठरवणं त्या देशाच्या हातात राहतं का, माझ्या मते सगळं त्यावर आहे.

पॅसिफिकमधला सामोआ घ्या, वस्ती जेमतेम 2 लाख. मूळ जेवण म्हणजे मासे, नारळ, नीरफणस आणि टॅरो, म्हणजे आपल्या अळूचाच कंद. हा कंद बाहेर विकून चांगला पैसा यायचा, पण 1993 मध्ये त्याच्या पानांवर करपा आला आणि निर्यात जवळजवळ बसलीच. बाहेरचा माल येणं मात्र चालूच, कारण न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात कामाला गेलेली घरची माणसं पैसे पाठवतात.

या मालात टर्कीच्या, म्हणजे कोंबडीसारख्या मोठ्या पक्ष्याच्या, शेपटीचा तुकडा असतो, नुसता चरबीने भरलेला. अमेरिकेत त्याला फारसं गिऱ्हाईक नाही म्हणून फ्रोझन करून सामोआला पाठवतात, आणि स्वस्त पडतो म्हणून लोक घेतात. डायबिटीस आणि लठ्ठपणा काही एकट्या या तुकड्यामुळे वाढला नाही, साखर आहे, डब्यातलं मांस आहे, बैठं काम आहे, तरी सरकारने 2007 मध्ये त्यावर बंदी घातली.

खरी गोम पुढे आहे. सामोआला डब्ल्यूटीओत, म्हणजे देशादेशांमधल्या व्यापाराचे नियम ठरवणाऱ्या जागतिक व्यापार संघटनेत, जायचं होतं, अर्ज 1998 पासून पडून होता, आणि आधीच्या मेंबर देशांनी हो म्हटल्याशिवाय तिथे प्रवेश नाही. त्यांनी ही बंदी उठवायला लावली. 2012 मध्ये सामोआ मेंबर झाला, बंदीच्या जागी आधी 300 टक्के आणि मग 100 टक्के ड्युटी, म्हणजे आयातीवरचा कर, असं ठरलं. आरोग्यासाठी अपवाद करायची सोय डब्ल्यूटीओच्या नियमांत आहे हो, पण अजून आत यायचंय अशा एवढ्याशा देशाने ती कोणाच्या जोरावर वापरायची? मला हा सरळसरळ अन्याय वाटतो.

फिजीचं वेगळं झालं. त्यांनी 2000 मध्ये मटन फ्लॅप्सवर, म्हणजे मेंढीच्या पोटाकडच्या चरबीवाल्या मांसावर, बंदी घातली, पण नुसती आयातीवर नाही तर विक्रीवरच, मग माल कुठलाही असो, त्यामुळे परदेशी मालाशी भेदभाव केला म्हणायला फारशी जागा राहिली नाही. शिवाय फिजी 1996 पासूनच मेंबर होता, त्याला दारात अडवून अटी घालणारं कोणी नव्हतं.