वाचकांचे प्रश्न : सुरिनामची सरकारी तेल कंपनी

प्रश्न : दक्षिण अमेरिकेतील गयाना आणि सुरिनाम या शेजारी देशांच्या समुद्रात तेलाचे मोठे साठे सापडले. गयानाने राष्ट्रीय तेल कंपनी काढली नाही. सुरिनामजवळ मात्र ती पूर्वीपासून आहे. नव्याने तेल सापडलेल्या देशाने अशी कंपनी काढावी का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : कंपनी कायद्याने एका दिवसात स्थापन करता येते, परंतु तेल काढणारी माणसे तयार होण्यास दोन पिढ्या लागतात. सुरिनामचे उदाहरण मला मोलाचे वाटते ते याच कारणासाठी.

त्या देशात तेल सापडले ते 1965 मध्ये आणि तेही योगायोगाने. सारामाक्का जिल्ह्यातील कलकत्ता या गावात (होय, गावाचे नाव हेच) पाण्यासाठी जमिनीत छिद्र पाडले जात असताना तेल वर आले. सुरिनाम 1975 मध्ये नेदरलँड्सपासून स्वतंत्र झाला आणि डिसेंबर 1980 मध्ये ‘स्टाट्सओली’ ही पूर्णपणे सरकारी मालकीची कंपनी स्थापन झाली. तिचे पहिले प्रमुख एडी झारप हे भूगर्भशास्त्रज्ञ होते व पुढे सुमारे पंचवीस वर्षे त्यांनीच ती चालवली. सुरुवातीला अमेरिकेच्या गल्फ ऑइल या कंपनीशी करार करण्यात आला. तथापि तेलाची मालकी आपल्याकडेच राहावी आणि काम आपल्या माणसांनी शिकून घ्यावे, हा आग्रह सुरिनामने सोडला नाही. नोव्हेंबर 1982 मध्ये तांबारेजो येथील क्षेत्रातून उत्पादन सुरू झाले.

हे क्षेत्र कोणत्याही मोठ्या परदेशी कंपनीला मोह पडावा असे नव्हते. दलदलीची जमीन, उथळ थर आणि सहजासहजी न वाहणारे जड तेल, त्यामुळे एका विहिरीतून हाती येणारे उत्पादन थोडेच, आणि म्हणून विहिरी पुष्कळ खोदाव्या लागत. पण शिकण्याच्या दृष्टीने याहून चांगली शाळा मिळाली नसती, असे माझे मत आहे. प्रत्येक विहिरीबरोबर भूगर्भाचे ज्ञान, खर्चाचा हिशेब, कंत्राटदाराशी बोलण्याची रीत आणि चूक झाल्यास ती स्वतःच निस्तरण्याची सवय या गोष्टी कंपनीत मुरत गेल्या. 1997 मध्ये राजधानी पारामारिबोजवळ तिने स्वतःचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू केला. त्याची क्षमता आरंभी दररोज सुमारे 7,000 बॅरल होती, ती पुढे 15,000 बॅरलपर्यंत वाढवण्यात आली आणि देशातच डिझेल व पेट्रोल तयार होऊ लागले.

आपल्याकडेही क्रम असाच होता. 1956 मध्ये आयोगाचे रूप घेतलेल्या ओएनजीसी या सरकारी तेल संस्थेने प्रथम गुजरातेत खंबात आणि अंकलेश्वर येथे जमिनीवर काम केले, आणि 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रात खोदकाम करणाऱ्या फिरत्या मंचावरून मुंबईच्या समुद्रात, बॉम्बे हाय येथे, तेल शोधले. अंकलेश्वरचा अनुभव गाठीशी नसता, तर बॉम्बे हायचे काम आपल्या हाती कितपत राहिले असते, याची मला शंका वाटते.

गयानाची परिस्थिती निराळी होती. तेथे 2015 मध्ये एक्सॉन या अमेरिकी कंपनीने खोल समुद्रात साठा शोधला आणि डिसेंबर 2019 मध्ये उत्पादन सुरू झाले. काही वर्षांतच ते दररोज सहा लाख बॅरलच्या पुढे गेले. एवढ्या वेगात नवी कंपनी उभारली असती, तर तिला शिकायला अवधी मिळाला नसता. अशा देशाने आधी हिशेब तपासणारी आणि करार समजून घेणारी माणसे तयार करावीत, असा माझा सल्ला राहील. कारण परदेशी कंपनी तेल विकून प्रथम आपला खर्च वसूल करून घेते, आणि तो खर्च खरा किती हे पाहणारे कोणी नसेल, तर देशाचा वाटा कागदावरच राहतो.

प्रश्न : मग मोठ्या साठ्यात भागीदार होणे सुरिनामला झेपेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ऑक्टोबर 2024 मध्ये टोटलएनर्जीज या फ्रेंच कंपनीने सुरिनामच्या समुद्रातील ‘ग्रानमोर्गू’ या तेल प्रकल्पाला अंतिम मंजुरी दिली. त्याचा अंदाजित खर्च सुमारे 10.5 अब्ज डॉलर असून 2028 मध्ये तेल निघणे अपेक्षित आहे. त्याची क्षमता दररोज 2,20,000 बॅरल, म्हणजे स्टाट्सओलीच्या स्वतःच्या कारखान्याच्या जवळजवळ पंधरा पट आहे. यात 20 टक्क्यांपर्यंत वाटा घेण्याचा हक्क स्टाट्सओलीला होता आणि तिने तो वापरला. त्यासाठी तिला अब्जावधी डॉलर उभे करावे लागणार आहेत. यापूर्वी तिने आपल्याच नागरिकांना रोखे विकून पैसा उभारला आहे, आणि सुमारे सहा लाख लोकवस्तीच्या देशात लोकांनी त्यावर विश्वास ठेवावा, ही गोष्ट मला लहान वाटत नाही. पण तेलाचा भाव पडला, तर तेच कर्ज त्याच नागरिकांच्या मानेवर येईल.

याहून मोठी चिंता मला दुसऱ्याच गोष्टीची वाटते. परदेशी कंपन्यांशी देशाच्या वतीने करार करणारी आणि त्यांच्या कामावर देखरेख ठेवणारी संस्था स्टाट्सओलीच आहे आणि आता ती त्याच व्यवसायात भागीदारही झाली आहे. नॉर्वेने 1972 मध्ये तेल कंपनी आणि देखरेख करणारे संचालनालय एकाच वर्षी, परंतु वेगवेगळे स्थापन केले. भारतात तेल-वायूच्या कामावर देखरेख ठेवणारे हायड्रोकार्बन महासंचालनालय 1993 मध्ये आले, म्हणजे ओएनजीसीनंतर जवळजवळ चार दशकांनी. सुरिनामला एवढा काळ थांबता येणार नाही. 2028 मध्ये पहिले तेल निघण्यापूर्वी देखरेखीचे काम स्टाट्सओलीच्या हातून काढून स्वतंत्र संस्थेकडे सोपवले गेले पाहिजे, आणि त्या संस्थेत तांबारेजोच्या दलदलीत तयार झालेल्या अभियंत्यांपैकी काहींना बसवले पाहिजे.