गाज, गाजणे आणि गाजावाजा

एका ताईंनी विचारलंय: "'समुद्राची गाज' यातली गाज आणि 'गाजलेलं पुस्तक' यातलं गाजणं एकच का? एकच असेल तर पुस्तकाला आवाज कुठला? आणि गजर, गरज, गाजावाजा ही मंडळी याच घरातली का?" सोबत त्यांनी एक किस्साही कळवलाय. गुहागरच्या मुक्कामातला एक व्हिडिओ त्यांनी ऑफिसच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "रात्रभर गाज ऐकली." त्यावर लखनौच्या एका सहकाऱ्याने काळजीने विचारलं, "किस पर गिरी?"

त्या सहकाऱ्याचं काही चुकलं नाही. हिंदीत 'गाज' म्हणजे वीज, आणि ती पडते. 'अफसरों पर गिरी गाज' असे मथळे हिंदी वर्तमानपत्रांत नेहमी दिसतात. मराठीत अशा वेळी निलंबनाची कुऱ्हाड कोसळते. गुजरातीत 'गाजवीज' असा जोडशब्द आहे: गाज म्हणजे गडगडाट आणि वीज म्हणजे वीज. म्हणजे शब्द एकच, पण हिंदीने तो आभाळातून खाली पाडला, गुजरातीने ढगातच ठेवला आणि आपण तो समुद्राला देऊन टाकला.

मूळ एकच आहे. संस्कृत धातू 'गर्ज्'. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचा अर्थ एका शब्दात दिलाय, 'शब्दे', म्हणजे आवाज करणे. प्राकृतात 'र्ज' या जोडाक्षराचा 'ज्ज' झाला, गर्जतिचं गज्जइ झालं. पुढे मराठीत येताना दोन ज-पैकी एक गळाला आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला. गाजे, गाजणे. कर्म, कम्म, काम. सर्प, सप्प, साप. ही वाट ओळखीची आहे. 'र्ज'चंच उदाहरण हवं असेल तर खर्जू, खज्जू, खाज. (गाज आणि खाज यांचं यमक कवींनी फारसं मनावर घेतलेलं दिसत नाही, ते बरंच आहे.)

इथे मला एक गंमत फार आवडते. 'वाजतगाजत' हा शब्द आपल्या जिभेवर इतका घोळलेला आहे की वाजणे आणि गाजणे ही जुळी भावंडंच वाटतात. पण त्यांची घराणी वेगळी. वाजणे आलं 'वाद्यते'पासून, म्हणजे त्यात मुळात 'द्य' होता. अद्यचा जसा अज्ज आणि मग आज झाला, माद्यतिचं जसं माजणे झालं, तसं वाद्यते, वज्जइ, वाजणे. 'र्ज' आणि 'द्य' ही दोन अगदी वेगळी जोडाक्षरं प्राकृतात एकाच 'ज्ज'मध्ये येऊन मिसळली, म्हणून 'वाजतगाजत'चा ताल जमला. संस्कृतात गर्ज् आणि वाद्य शेजारी बसवून बघा, काही केल्या यमक लागत नाही.

आता 'गरज'. 'मेघ गरजतात' यातलं गरजणं याच घरातलं, 'गर्जणे' जरा सैल करून उच्चारलेलं. पण 'गरज सरो, वैद्य मरो' मधली गरज अरबी-फारशीतून आलेली आहे, तिचा गडगडाटाशी काही संबंध नाही. हिंदीवाले ही दुसरी गरज लिहिताना ग आणि ज खाली नुक्ता देऊन ती वेगळी ठेवतात. आपल्याकडे नुक्ता नाही, त्यामुळे दोन्ही शब्द कागदावर हुबेहूब सारखे. मौज म्हणजे वाजणेच्या वाट्यालाही असाच एक तोतया आलाय. 'वाजवी दर' मधला वाजवी हा 'वाजवणे'तून आलेला नाही, तो अरबी 'वाजिब'. तेव्हा 'वाजवी गरज' असं कुणी लिहिलं तर त्यात दोन्ही शब्द आवाजाच्या घरातले वाटतात आणि दोन्ही नाहीत.

आता मूळ प्रश्न, पुस्तकाला आवाज कुठला. त्यासाठी आधी समुद्रावर जाऊन यावं लागेल.

किनाऱ्यावर पाण्यात पाय घालून उभे असताना जे ऐकू येतं त्याला आपण सहसा गाज म्हणत नाही. तो लाटांचा आवाज. ती फुटते, फेसाळते, परत ओढली जाते, प्रत्येक लाट वेगळी कळते. गाज ऐकायची ती दुरून. घर किनाऱ्यापासून दोन-तीन आगरं आत असावं, माडांमुळे पाणी दिसू नये, रात्री जेवणखाण उरकून दिवे मालवलेले असावेत, आणि मग तो एकसंध, न तुटणारा, खर्जातला घुमारा ऐकू यावा. त्यात एकेक लाट निवडता येत नाही. आवाज कुठून येतोय ते ठाऊक असतं, पण दिसत नाही. कोकणात मे महिना सरत आला की जुनी माणसं अंगणात कान देऊन सांगतात, "गाज वाढलीय, पाऊस जवळ आला." यात तथ्य आहे. दूर समुद्रावर पावसाळी वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा पावसाच्या आधीच किनाऱ्याला येऊन पोचतात. शिवाय रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्या मानाने उबदार असली की आवाज वर निसटून न जाता पुन्हा खाली वळतो आणि लांबवर ऐकू येतो. त्यात वारा समुद्राकडून असेल तर बघायलाच नको. दिवसा ज्या घरात समुद्राची आठवणही होत नाही, त्या घरात रात्री तो उशाशी येतो.

माझ्या मते शब्दाचं सगळं मर्म या अंतरात आहे. गर्जनेला तोंड असतं. सिंह गर्जना करतो, वक्ता गर्जतो, ढग गर्जतो. कुणीतरी समोर असतो आणि गळा काढतो. (वाघ मात्र मराठीत गर्जत नाही, तो डरकाळी फोडतो. आपण प्राण्यांच्या आवाजांच्या बाबतीत भलतेच काटेकोर आहोत.) गाज म्हणजे आवाज करणाऱ्यापासून सुटून दूरवर पोचलेला आवाज.

गर्जणे आणि गाजणे एकाच धातूतून आले तरी व्याकरणातही त्यांची अशी फारकत झाली आहे. गर्जणे ही ठरवून करण्याची क्रिया आहे, म्हणून तिचं आज्ञार्थी रूप चालतं. २०२३ साली राज्यगीत म्हणून स्वीकारलेल्या गीतात 'गर्जा महाराष्ट्र माझा' अशी हाक आहे. तिथे 'गाजा' म्हणून बघा! कुणाला 'गाज' अशी आज्ञा करताच येत नाही. गाजणं आपल्या हातात नसतं. आपण फार तर आवाज करायचा, तो किती लांब जाईल ते हवेवर.

म्हणून पुस्तक गाजतं. त्याचा आवाज पानांत नसतो, लोकांच्या तोंडी असतो. ज्याने ते वाचलं नाही, पाहिलंही नाही, त्याच्या कानावरही नाव येतं, तेव्हा ते गाजलं. समुद्र न दिसता ऐकू यावा तसंच. मराठीला कीर्ती ही कानांनीच कळते असं दिसतं: नावाचा डंका वाजतो, बोलबाला होतो, गवगवा होतो, आणि फिसकटलं तर बोभाटा होतो. पण यातल्या प्रत्येक शब्दाला बऱ्यावाइटाचा थोडा रंग आहे. डंका चांगल्याचा, बोभाटा वाइटाचा, गवगवा थोडासा संशयाचा. गाजणे तेवढं तटस्थ राहिलं. लोकमान्य टिळकांवरचा १९०८ सालचा राजद्रोहाचा खटला गाजला आणि १९५९ च्या गोळीबाराचा नानावटी खटलाही गाजला. पहिल्याला आपण हात जोडतो, दुसरा चवीने वाचतो, क्रियापद तेच. आवाज किती लांब गेला एवढंच ते मोजतं. विधिमंडळात कांद्याचा प्रश्न गाजतो तेव्हाही कांद्याची स्तुती झालेली नसते.

तटस्थपणा संपतो तो प्रयोजक रूपात. 'गाजवणे' म्हटलं की कर्ता परत आला, आणि मग तो काय गाजवतो यावर त्याची किंमत ठरते. जागा किंवा प्रसंग गाजवला तर शाबासकी. सभा गाजवली, रंगभूमी गाजवली, मैदान गाजवलं. सुनील गावसकरांनी १९७१ चा वेस्ट इंडीज दौरा गाजवला, पदार्पणाच्याच मालिकेत चार कसोटींत ७७४ धावा करून. यापेक्षा चपखल उदाहरण मला तरी सुचत नाही. पण हक्क, अधिकार, मालकी, मोठेपणा या वस्तू गाजवल्या की बोलणाऱ्याच्या कपाळावर आठी असते. 'त्यांचा अधिकार आहे' आणि 'ते अधिकार गाजवतात' ही दोन वाक्यं एकाच माणसाबद्दल असू शकतात, पण दुसरं त्याच्या पाठीमागेच बोललं जातं. सत्ता मधोमध आहे. इतिहासाच्या पुस्तकात ती अभिमानाने गाजवतात, घरात गाजवली की भांडण होतं. पराक्रम हा एक अपवाद म्हणावा लागेल, तो कितीही गाजवला तरी चालतो, फक्त दुसऱ्याने सांगायला हवा.

आणि गाजावाजा! हिंदीत 'गाजे-बाजे के साथ' म्हणजे खरोखरच ढोल-ताशे लावून, आपलं वाजतगाजत. त्यात कुत्सित काही नाही. मराठीतल्या गाजावाजातही मुळात तीच वाद्यं होती, पण आपण त्यातली वरात काढून टाकली आणि नुसता आवाज ठेवला. परिणाम असा की आज हा शब्द सरळ स्तुतीला वापरताच येत नाही. 'गाजावाजा न करता काम केलं' यात कौतुक आहे ते 'न करता'चं. 'मोठा गाजावाजा झालेला प्रकल्प' एवढं वाचलं की पुढे 'पण' येणार हे सांगावं लागत नाही. लग्नपत्रिकेत 'गाजावाजासह आगमन' असं छापलेलं मी अजून पाहिलं नाही. तिथे 'वाजतगाजत'च लागतं. घटक तेच, फक्त जागा बदलल्या, आणि एक मंगल झाला, दुसरा टवाळीचा. याचं पटेल असं कारण मला तालात दिसतं: वाजतगाजत चालतो, गाजावाजा जागच्या जागी आपटतो. हे शास्त्र नव्हे, माझ्या कानाचं मत.

गजराचं नातंही गर्ज्-शीच लावतात. हिंदीतही तो असाच आखूड ग घेऊन आहे, आणि तिथे त्याचा एक जुना अर्थ प्रहराच्या ठोक्यांचा, पहाटेच्या घंटेचा. 'गजरदम' म्हणजे भल्या पहाटे. म्हणजे घड्याळाचा गजर ही कुणा भाषांतरकाराची टेबलावरची करामत नाही. वेळ सांगणारा मोठा आवाज हा अर्थ शब्दाजवळ आधीच होता. मराठीत मात्र त्याचं मोठं राज्य आहे ते नामस्मरणात. हरिनामाचा गजर, टाळमृदंगाचा गजर, दिंडीतला 'ज्ञानोबा माउली तुकाराम'चा गजर. कोकणातल्या भजनी मंडळांत अभंग, गवळण यांच्यासारखा गजर हा वेगळा प्रकारच आहे. चाल द्रुत होते, सगळे एका सुरात उचलतात, पखवाजवाल्याचा घाम निघतो. इथे आवाज मोठा असून त्याला गोंगाट म्हणत नाहीत, कारण गजरात सगळे एकच शब्द म्हणत असतात. गोंगाटात प्रत्येकाचा वेगळा.

क्रियापदं वेगळी असल्याने घोटाळा होत नाही. दिंडीत गजर करतात, घड्याळात लावतात. निदान मोठ्यांचा तरी होत नाही. आमच्याकडे आई अजून "पाचचा गजर लाव गं" असंच सांगते. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा माझ्या मुलीने फोन हातात घेऊन निरागसपणे विचारलं होतं, "कुठला लावू आजी, विठ्ठलाचा?"